माउंटन बाईक रस्त्यावर चालवण्यासाठी गुळगुळीत टायर कसे निवडावेत

माउंटन बाईकच्या टायरवरील रबराचे उंचवटे चिखलात आणि सुट्या मातीत रुतून पकड घेण्यासाठी असतात. डांबरावर मात्र ते सतत दबतात, वाकतात आणि पायांची बरीच शक्ती त्यातच वाया जाते. पणजीहून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याला किंवा मडगावहून कोलव्याला, असा सायकलीचा वापर मुख्यतः पक्क्या रस्त्यावर होत असेल, तर टायर बदलावेत. नवी सायकल घेण्याची आवश्यकता नसते.

प्रथम जुन्या टायरच्या बाजूवर छापलेला '५४-५५९' यासारखा आकडा शोधावा. त्यातील पहिली संख्या टायरची रुंदी आणि दुसरी रिमवर टायर बसतो तेथील व्यास मिलिमीटरमध्ये दाखवते. दुसरी संख्या तंतोतंत जुळलीच पाहिजे : २६ इंची माउंटन बाईकसाठी ५५९, साडेसत्तावीस इंचीसाठी ५८४ आणि २९ इंचीसाठी ६२२. दुकानात केवळ 'सव्वीसचा टायर' मागू नये, कारण साध्या सायकलीचा २६ × १ ३/८ टायर या रिमवर बसत नाही. रस्त्यावरच्या सायकलींना असणाऱ्या '७०० सी' मापाच्या टायरचा व्यास मात्र ६२२ च असल्यामुळे, रिमच्या रुंदीला शोभेल असा तो २९ इंची चाकाला चालतो.

त्यानंतर रुंदी ठरवावी. दीड इंची टायर हलका वाटतो, परंतु पावसाळ्यात गोव्याच्या अंतर्गत रस्त्यांवर पडणारे खड्डे पाहता १.७५ ते २ इंच रुंदीच मला अधिक योग्य वाटते. रिम फार रुंद असल्यास याहून अरुंद टायर घेऊच नये.

ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर घसरेल, ही भीती अनेकांना वाटते आणि ती दूर होणे गरजेचे आहे. सायकलीचा टायर अरुंद आणि त्यातील दाब जास्त असल्यामुळे तो पाणी सहज बाजूला सारतो, म्हणून मोटारीप्रमाणे पाण्यावर तरंगण्याचा धोका सायकलीच्या वेगात उद्भवत नाही. डांबरावरील पकड रबराच्या प्रत्यक्ष स्पर्शातून मिळते, आणि तो स्पर्श गुळगुळीत टायरला अधिक लाभतो. शेवाळलेली रस्त्याची कड, रंगवलेले पट्टे आणि रायबंदर–चोडण फेरीबोटीचा ओला लोखंडी उतार येथे मात्र कोणतीही नक्षी वाचवत नाही. तेथे ब्रेक न दाबता सरळ आणि सावकाश जावे. वाटेत तांबड्या मातीचा तुकडा लागत असेल, तर मध्ये गुळगुळीत आणि कडेला बारीक नक्षी असलेला टायर घ्यावा.

काचा आणि खडीपासून बचाव करणारा पंक्चररोधक थर असलेला टायर थोडा जड असला तरी रोजच्या प्रवासासाठी तोच निवडावा.

टायर बसवताना चाक फिरण्याची दिशा दाखवणारा बाजूवरील बाण पाहावा आणि ट्यूब नव्या रुंदीला चालणारी आहे याची खात्री करावी. सुमारे ७० किलो वजनाच्या व्यक्तीने १.७५ इंची टायरमध्ये ४५ ते ५५ पीएसआय हवा भरून सुरुवात करावी, मागील चाकात किंचित जास्त ठेवावी, आणि टायर व रिम यांपैकी ज्याची कमाल मर्यादा कमी असेल ती कधीही ओलांडू नये. पावसात हाच दाब थोडा कमी करावा.