चुली मोजून कुटुंब कळत नाही: समाजशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

विवाह, कुटुंब, धर्म, शिक्षण, राज्यसंस्था या सामाजिक संस्थांची कार्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पाठच असतात; त्यांची उजळणी येथे करीत नाही. ती यादी उतरवून गुण मिळतात, हेही खरे आहे. बाजारात मिळणाऱ्या गाइडांवर माझा राग आहे तो याचसाठी, कारण ती उत्तर लिहायला शिकवतात आणि पाहण्याची सवय घालवतात. बडोद्यात शिकणाऱ्याने तरी हा मार्ग धरू नये. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९५१ मध्ये येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभारण्यासाठी आले, आणि समाज ग्रंथांतून वाचण्याऐवजी लोकांत जाऊन पाहावा, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला.

क्षेत्रकार्यात, म्हणजे लोकांत जाऊन माहिती गोळा करताना, एक सापळा असतो आणि मी त्यात पुरता अडकलो होतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. बडोद्याच्या दांडिया बाजार किंवा रावपुरा भागातील एखाद्या जुन्या मराठी घरी आपण प्रश्नावली घेऊन जातो. वाड्यात आईवडील राहतात, थोरला मुलगा शहराच्याच गोत्री भागात फ्लॅटमध्ये राहतो, धाकटा पुण्यात नोकरी करतो. चुली तीन, म्हणून आपण तीन विभक्त कुटुंबे नोंदवतो आणि ‘संयुक्त कुटुंबपद्धती लोप पावत आहे’ असा निष्कर्ष लिहून मोकळे होतो. पण गणपती वाड्यातच बसतो आणि त्यासाठी दोन्ही मुले येतात. वाड्याच्या कागदावर तिघांची नावे आहेत. भाचीच्या लग्नाची बोलणी थोरला करतो. भावकीत कोणी गेले तर सुतक तिन्ही घरांत पाळले जाते. येथे निवास विभागला गेला आहे, परंतु हक्क आणि कर्तव्ये विभागली गेलेली नाहीत, आणि सामाजिक संस्था म्हणून कुटुंब उभे असते ते या हक्क-कर्तव्यांवर, छपरावर नव्हे.

हे काही माझे संशोधन नाही. याच विद्यापीठात अध्यापन केलेले समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या लहान शहराच्या अभ्यासात, जो १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला, एकत्र राहणे आणि एकत्र असणे यांतील हा भेद दाखवून दिला. तरीही दरवर्षी चुलीच मोजल्या जातात, कारण चुली मोजणे सोपे असते आणि काही मार्गदर्शकांना किती प्रश्नावल्या भरल्या एवढेच ऐकायचे असते. असा मार्गदर्शक वाट्याला आल्यास त्याला आकडा द्यावा, पण आपली वही वेगळी ठेवावी.

उलट टोकही टाळावे. गणपतीला सगळे जमले म्हणून कुटुंब अखंड आहे असेही नव्हे. वाटणीचा दावा न्यायालयात चालू असतानाही भाऊ आरतीला शेजारी उभे राहतात. म्हणून आजारपणात रुग्णालयात रात्री कोण थांबले, पुतण्याची फी कोणी भरली, आईच्या औषधांचा खर्च कोण देते, हे विचारावे. काय करायला हवे, याचे उत्तर लोक तत्परतेने देतात. मागच्या खेपेस काय केले, ते मात्र सांगता सांगता कळते.

एक संस्था दुसरीला कशी हलवते, हे पाहण्यासाठीही फार दूर जावे लागत नाही. बडोदे संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला. गैरहजेरीबद्दल पालकांना दंड होत असे. म्हणजे मुलाने दिवसभर कोठे असावे, हा तोवर घरातील वडीलधाऱ्यांचा असलेला अधिकार शाळेने आणि शासनाने वाटून घेतला. मुलींच्या विवाहाचे वय, शेतातील काम, घरातील धाक, या सर्वांना त्याचा स्पर्श होतो. शिक्षणाची कार्ये सुटी पाठ केली तर हे दिसत नाही.

पहिल्या काही भेटींत हाती काहीच लागले नाही असे वाटेल. त्याने खचू नये, सर्वांचे तसेच होते. घरातील आजींशी मराठीत बोलावे, पण मालमत्तेचे कागद बहुधा गुजरातीत असतात, तेव्हा लिपी वाचता येत नसल्यास ती आधी शिकून घ्यावी. सणाच्या दिवशी बोलावणे आले तर प्रश्नावली घरीच ठेवून जावे आणि नोंदी त्याच रात्री लिहाव्यात.