चेनसॉचा बार घरच्या गाड्यावर कसा बसवला

आंब्याच्या ओंडक्यांच्या फळ्या पाडायला घरीच लोखंडी गाडा बनवला, पण चेनसॉच्या बारचं, म्हणजे ज्याभोवती साखळी फिरते त्या लांब पात्याचं, टोक थरथरायचं आणि फळी एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ निघायची. टोकाला भोक पाडून बोल्ट मार, असं जो तो सुचवायचा. पण बारचं पोलाद कडक, साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. शिवाय टोकातलं साखळी वळवणारं चक्र दुखावलं की बारच गेला.

मग अंबडच्या एका वर्कशॉपमधून ६ मिमी पट्टीचे दोन तुकडे आणले आणि चक्राच्या अलीकडे बार त्यांच्यामध्ये आवळला. पट्ट्या बारपेक्षा अरुंदच हव्यात, नाहीतर साखळी घासते. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून प्लगची वायर काढून, हातमोजे घालून साखळी हाताने फिरवली; कुठे अडली नाही. फळी आता एकसारखी निघते.

साखळी मात्र दातांची धार १० अंशांच्या कोनात घासलेली लावा. नेहमीच्या ३० अंशांच्या साखळीने लाकूड उभं चिरताना फळी खरबरीत येते.