मोठ्या फायली घरच्या सर्व्हरवरून पाठवायच्या तर कोणतं सॉफ्टवेअर टाकावं

मी घरगुती बैठकी ध्वनिमुद्रित करते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हटलं की तासाला साधारण १ जीबी जागा जाते. बैठक तीन तास रंगली की ३ जीबी. गाणारी बाई सदाशिव पेठेतली, तबलजी मिरजेचे, आणि प्रत्येकाला मूळ वेव्ह फाइलच हवी असते. कोथरूडच्या घरात टीव्हीखालच्या कपाटात एक जुना छोटा पीसी चोवीस तास चालू असतो, तोच माझा घरचा सर्व्हर, या फायली तो पाठवतो. त्यामुळे ओळखीतले लोक विचारायला येतात आणि बहुतेकांनी येतानाच ठरवलेलं असतं, की टॉरेंटचं काहीतरी टाकायचं.

मी आधी एवढंच विचारते: फाइल किती जणांना द्यायची आणि ती माणसं ओळखीची आहेत का? चार-पाच ओळखीची घरं असतील तर टॉरेंटच्या वाटेला जाऊ नका, सरळ सिंकथिंग टाका, म्हणजे वेगवेगळ्या घरांतल्या यंत्रांवरचं फोल्डर एकसारखं ठेवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मधे कुणाचा सर्व्हर फाइल साठवून ठेवत नाही. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक ओळख-क्रमांक मिळतो. तो एकमेकांना द्यायचा, दोन्हीकडून होकार दिला की फोल्डर जुळतं. टॉरेंटची खरी मजा एकच फाइल पुष्कळ अनोळखी लोकांना हवी असते तेव्हा, कारण घेणारा प्रत्येक जण पुढच्याला तुकडे देतो. पाच जणांत ती मजा नाही.

पण सॉफ्टवेअर ठरवण्याआधी राउटर उघडा. पुण्यातल्या कितीतरी घरगुती फायबर जोडण्यांवर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही. अनेक ग्राहकांना मिळून एक दिलेला असतो. ओळखायचं असं: राउटरच्या पानावर ‘वॅन’ (बाहेरची जोडणी) समोर जो पत्ता दिसतो तो टिपून घ्या, मग ब्राउझरमधे ‘माझा आयपी काय’ असं शोधून दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अशा अनेकांत वाटलेल्या पत्त्याच्या, मागे आहात. मग राउटरमधे पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला आतल्या पीसीची वाट दाखवून, काही उपयोग नाही, कारण बाहेरून येणारा तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. टॉरेंट उतरवता येईल, पण तुमच्याकडून द्यायची वेळ आली की रखडेल. अशा वेळी कंपनीकडे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते, ते वाटून घ्यावे लागत नाहीत) आहे का विचारा. नसेल तर जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, मागता येतो. फोन उचलणारा आधी ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणेल. करा बापडे, आणि पुन्हा विचारा.

सिंकथिंग इथे सांभाळून घेतं. थेट जोडणी झाली नाही तर ते रिले सर्व्हरमार्फत, म्हणजे मधल्या एका यंत्रावरून, पाठवतं. वेग बराच कमी होतो, पण मजकूर कुलूपबंदच जातो, रिलेवाल्याला काही वाचता येत नाही. रात्री लावून ठेवलं की सकाळी मिरजेला फाइल पोचलेली असते, मला तेवढं पुरतं.

आता सिंकथिंगमधली सगळ्यात महत्त्वाची खूण. फोल्डर जोडताना ते मुळात ‘पाठवा आणि घ्या’ या प्रकारात असतं. म्हणजे तबलजींच्या नातवाने लॅपटॉपवर जागा करायला फाइल पुसली, की ती तुमच्याकडूनही जाते. म्हणून सर्व्हरवरच्या मूळ फोल्डरला ‘फक्त पाठवा’ लावा आणि समोरच्याला ‘फक्त घ्या’ लावायला सांगा. शिवाय फाइल व्हर्जनिंग घेणाऱ्याच्या बाजूला चालू करा: तुम्ही नवी आवृत्ती पाठवलीत तरी जुनी त्याच्याकडे बाजूला राहते. एवढं करूनही मी याला बॅकअप म्हणत नाही, त्यासाठी वेगळी डिस्क आहे.

एक बारकावा ध्वनिमुद्रणवाल्यांसाठी. सिंकथिंग फाइलचे ठराविक मापाचे तुकडे पाडतं आणि बदललेलेच तुकडे पाठवतं. पण सुरुवातीची खुर्च्यांची खडखड कापली की पुढचं सगळं सरकतं, आणि सिंकथिंगच्या आवृत्ती २ पासून सरकलेला भाग ओळखण्याची सोय काढून टाकली आहे. म्हणजे अख्खी फाइल पुन्हा जाते. तेव्हा कापाकापी आधी, फोल्डरमधे टाकणं नंतर. नावांत विसर्गासारखे दोन टिंब, म्हणजे कोलन, नको: लिनक्सला चालतो, विंडोजला चालत नाही, आणि फाइल तिथे अडून बसते. ‘यमन ९:३०’ ऐवजी ‘यमन ९-३०’ लिहा. फोनचं म्हणाल तर अँड्रॉइडचं अधिकृत अ‍ॅप डिसेंबर २०२४ मधे बंद झालं, सध्या ‘सिंकथिंग-फोर्क’ वापरतात.

टॉरेंट खरंच हवं असेल, समजा कलाकाराच्या लेखी परवानगीने मैफल जगाला खुली करायची आहे, तर टॉरेंट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची दोनच नावं लक्षात ठेवा. जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) असेल तर ट्रान्समिशन. मेमरी कमी खातं, ब्राउझरमधून ९०९१ पोर्टवर चालतं. त्याची सेटिंगची फाइल बदलताना आधी सेवा थांबवा, नाहीतर बंद होताना ते तुमचे बदल पुसून जुनंच लिहून टाकतं. शेकडो टॉरेंट, वर्गवारी, वेगाच्या वेळा असलं हवं असेल तर क्यूबिटटॉरेंटची ‘नॉक्स’ आवृत्ती, जी स्वतःची खिडकी न उघडता ब्राउझरमधून चालते. ४.६.१ पासून तिचा ठरलेला पासवर्ड गेला, पहिल्यांदा चालू केल्यावर तात्पुरता पासवर्ड लॉगमधे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींत, छापून येतो, तिथे बघा. याच कामाचं तिसरं, डेल्यूज, वाईट नाही, पण घरासाठी त्याचं वेगळं काही कारण मला दिसलं नाही. यांतलं कोणतंच वेब-पान बाहेरच्या जगाला उघडं ठेवू नका.

परवानगीचं गमतीत घेऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, आणि टॉरेंट एकदा पसरलं की परत बोलावता येत नाही. खुलंच करायचं तर इंटरनेट आर्काइव्ह या सार्वजनिक संग्रहाच्या साइटवर चढवा. ते टॉरेंट फाइल आपोआप बनवतात आणि घरचा सर्व्हर बंद असला तरी फाइल मिळत राहते.

शेवटचं काम गुरुवारचं. दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा आपल्याकडचा दिवस तोच. पीसीच्या बायोसमधे (चालू होतानाच्या मूळ सेटिंगमधे) ‘वीज आली की आपोआप सुरू’ लावा, डिस्क लिनक्सला जोडणार असाल तर ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-रचनेत फॉरमॅट करा, आणि राउटरला छोटा यूपीएस द्या. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो, फक्त राउटरचा व्होल्टेज पिनेसकट बघून जा. मिरजेकरांना मात्र आधीच सांगून ठेवा, गुरुवारी दुपारी ‘फाइल अडकली’ म्हणून फोन करायचा नाही.