हंगेरीच्या राजाचा सातबारा कसा वाचायचा

मागच्या श्रावणात आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुतण्यानं एक मेसेज ढकलला. युरोपात हंगेरी नावाचा देश आहे आणि तिथले राजे आठशे वर्षांपूर्वी स्वतःला ‘रामाचे राजे’ म्हणवून घ्यायचे, असा मजकूर. खाली हात जोडलेल्यांची रांग. अकरावीतल्या नातीनं विचारलं, “आबा, खरंय का हे?” मी म्हणलं, बाई, हिंगोली जिल्ह्यात बत्तीस वर्षं तलाठी होतो. नोंद बघितल्याबिगर मी हो म्हणत नाही अन् नाहीबी म्हणत नाही.

मग दिवाळीपर्यंत आम्ही दोघांनी मिळून एका राजाची बिरुदं आणि वंशावळ लावली. ज्याला सातबारा वाचता येतो त्याला हे काम जमतं. रीत सांगतो.

आधी राजा एकच धरा. सगळे धरले तर डोकं फिरतं, कारण एकाच नावाचे चार-चार आहेत. आम्ही बेला चौथा धरला. जन्म 1206, राज्य 1235 ते 1270. मंगोल हंगेरीवर येऊन आदळले ते ह्याच्याच काळात. 11 एप्रिल 1241 ला मोही गावाजवळ ह्याच्या फौजेची धूळधाण झाली आणि हा पळत पळत पार समुद्रकाठी गेला. माणूस मधल्या काळातला आहे, म्हणून ह्याच्या बिरुदात मागचं बरंच साठलेलं सापडतं.

त्याच्या लॅटिन सनदांत नावामागं अशी ओळ येते: देई ग्राचिया, म्हणजे देवाच्या कृपेनं, आणि पुढं हुंगारिये, दाल्माचिये, क्रोआचिये, रामे, सेर्विये, गालिचिये, लोदोमेरिये, कुमानियेक्वे रेक्स. रेक्स म्हणजे राजा. शेवटच्या मुलखाला चिकटलेलं ‘क्वे’ म्हणजे ‘आणि’. ही शेपटी नीट बघत जा. नवा मुलूख आला की ती सरकून त्याच्या मागं लागते. बेलाच्या मुलाच्या, इश्तवान पाचव्याच्या बिरुदात ती बल्गेरियाला लागलेली दिसते. म्हणजे आठाचे नऊ झाले, एवढं तिच्यावरूनच कळतं.

आता एक दोनशे पानी वही आडवी धरा आणि पाच रकाने आखा: मुलूख, नाव पहिल्यांदा कोणी लावलं, कधी, कोणत्या आधारावर, आणि ताबा. शेवटचा रकाना रुंद ठेवा, सगळी भांडणं तिथंच आहेत.

पहिली ओळ सोपी. हंगेरी: इश्तवान पहिला, राज्याभिषेक 1000 च्या नाताळात किंवा 1001 च्या पहिल्या दिवशी. क्रोएशिया आणि त्याच्या समुद्रकाठचा पट्टा दाल्माशिया, ह्यांचा आधार मात्र वाचण्यासारखा आहे. हंगेरीचा राजा लास्लो पहिला ह्याची बहीण क्रोएशियाच्या झ्वोनिमिर राजाला दिलेली. झ्वोनिमिर 1089 मध्ये गेला, मागं मुलगा नाही. 1091 मध्ये मेव्हणा फौज घेऊन हजर. पुढं लास्लोच्या पुतण्यानं, काल्माननं, 1102 मध्ये बिओग्राद इथं क्रोएशियाचा मुकुट घातला. बहिणीच्या नावानं भाऊ रानात शिरला, असं हे प्रकरण. असली मी आयुष्यात किती बघितली त्याची गणती नाही.

सर्बियाचं नाव इम्रे राजानं 1202 मध्ये लावलं. तिथं वुकान आणि स्तेफान ह्या दोघा भावांचं भांडण चाललेलं, हा वुकानच्या बाजूनं गेला आणि नाव लावून परत आला. गालिच आणि लोदोमेरिया लावले इम्रेचा भाऊ आंद्राश दुसरा ह्यानं, 1205 मध्ये गादीवर आल्यावर. गालिच म्हणजे आजच्या युक्रेनच्या पश्चिमेकडचं हालिच; स्पेनमध्ये त्याच उच्चाराचा दुसरा प्रांत आहे, त्याचा इथं संबंध नाही. लोदोमेरिया हे वोलोदिमिर शहराच्या नावाचं लॅटिन रूप. कुमानिया 1233 मध्ये लागलं. कार्पेथियन डोंगरांपलीकडं कुमान नावाचे घोडेस्वार भटके लोक होते, त्यांचा तो मुलूख. म्हणून नुसता कागद हातात आला आणि त्यावर साल फाटलेलं असलं, तरी कुमानिया दिसलं की तो 1233 च्या अलीकडचा धरायचा. आमच्याकडं फेरफाराच्या नंबरावरून असंच ताडतात.

राहिला राम. ही ओळ नातीनं भरली. रामा ही बोस्नियातली नदी आहे, पुढं नेरेत्वा नदीला मिळते. तिच्या खोऱ्याचं नाव हंगेरीच्या दफ्तरात साऱ्या बोस्नियाला पडलं आणि बेला दुसऱ्याच्या काळात, 1130 च्या दशकात, बिरुदात शिरलं. गोदाकाठच्या लोकांना गंगथडी म्हणावं तसं. अयोध्येशी त्याचा काही संबंध नाही. मला वाईट वाटलं असं नाही, पण पुतण्याचं तोंड डोळ्यापुढं आलं.

पाचवा रकाना, ताबा. नव्या माणसाची चूक इथं होते: बिरुदात आठ मुलूख आहेत म्हणजे आठांवर राज्य होतं, असं तो धरून चालतो. सातबाऱ्यावर नाव असणं आणि रानात औत चालणं ह्या दोन गोष्टी आहेत. गालिचचंच घ्या. 1245 च्या ऑगस्टात यारोस्लाव्हच्या लढाईत तिथल्या दानिलो राजानं बेलाच्या जावयाची फौज मोडली आणि हंगेरीचा तिथला जोर संपला. तरी नाव कुणी कमी केलं? बेलानं नाही, त्याच्या पोरानं नाही, नातवानं नाही. ते तसंच चालत राहिलं, आणि 1772 मध्ये पोलंडचे तुकडे पडले तेव्हा मारिया तेरेसानं तेच जुनं नाव पुढं करून गालिच उचललं. पाचशे सत्तावीस वर्षं पडीक राहिलेला हक्क!

हिंगोलीकरांना हे कळायला जड जाऊ नये. पैनगंगेच्या पलीकडचं वऱ्हाड निजामानं 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभारात दिलं, 1902 मध्ये ते कायमच्या पट्ट्यानं गेलं. कारभार नागपूरहून चालायचा. तरी 1936 मध्ये निजामाच्या किताबात हैदराबादच्या जोडीला वऱ्हाड रीतसर लागलं आणि त्याचा युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. आमचे वडील उर्दू कागद वाचायचे. असलं काही निघालं की म्हणायचे, “लिहू दे त्याला. शाई त्याचीच हाये.” म्हणून ताब्याच्या रकान्यात हो किंवा नाही असं लिहू नका. ‘होता’, ‘थोडे दिवस’, ‘फक्त मागणी’ असे शेरे मारा.

बिरुदं झाली, आता वंशावळ. त्याआधी नावं जुळवून घ्या, नाहीतर एका माणसाचे तीन होतात. किसन, किशन, कृष्णा असा एकच खातेदार तीन गावांत तीन नावांनी असतो, तसाच आंद्राश हा इंग्रजी पुस्तकात अँड्र्यू, लॅटिनमध्ये आंद्रेआस आणि हंगेरियनमध्ये कुठं कुठं एन्द्रे. इश्तवान म्हणजे स्टीफन, लास्लो म्हणजे लॅडिस्लॉस, इम्रे म्हणजे एमेरिक. हंगेरियन अक्षरांत साधा एस दिसला की ‘श’ म्हणायचं, एस-झेड दिसलं की ‘स’. क्रमांक नावाच्या आधी येतो: चौथा बेला. एका पानावर हा तक्ता करून वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवा, रोज लागतो.

ह्या घरात एक जण जवळजवळ दत्तकही गेलेला आहे, तो आमच्या बेलाचा आजा, बेला तिसरा. पोरगा असताना कॉन्स्टँटिनोपलच्या मानुएल सम्राटाकडं गेला, सम्राटाच्या मुलीशी वाङ्‌निश्चय झाला, नाव बदलून अलेक्सियस ठेवलं, वारसही ठरला. 1169 मध्ये सम्राटाला मुलगा झाला आणि ह्याचं सगळं गेलं: नवरी गेली, वारसा गेला, पदवी एक पायरी खाली आली. 1172 मध्ये हंगेरीत थोरला भाऊ वारला म्हणून बरं, गादी मिळाली. तेव्हा ग्रीक कागदात अलेक्सियस दिसला तर तो दुसराच कोणी म्हणून सोडून देऊ नका.

मुख्य फांदी खालून वर चढवा. आम्ही वारस नोंदीला असंच करतो, जिवंत माणसापासून मेलेल्याकडं. बेला चौथा, त्याचा बाप आंद्राश दुसरा, आजा बेला तिसरा, पणजा गेझा दुसरा, त्याचा बाप बेला दुसरा, त्याचा बाप आल्मोश, मग गेझा पहिला, बेला पहिला आणि वर वाझुल. इथं थांबा. घराणं आरपाद, म्हणजे 900 च्या सुमारास मग्यार टोळ्या घेऊन ह्या मुलखात आलेल्या सरदाराचं. पहिला राजा इश्तवान, पुढं संत ठरलेला. सगळे राजे त्याचंच नाव घेतात. पण आमच्या फांदीत इश्तवान येतच नाही! त्याचा मुलगा इम्रे 1031 मध्येच गेला, आणि चुलत भाऊ वाझुल ह्याचे डोळे काढलेले, राज्यावर येऊ नये म्हणून. वंश चालला तो ह्या वाझुलच्या पोरांचा. पुढं बेला दुसऱ्याचेही लहानपणीच डोळे काढले, तो आंधळाच राजा झाला. भावकी म्हणतात ती ही. नातीनं इश्तवानच्या चौकटीखाली शिसपेन्सिलीनं फुली मारली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

एक खाच लक्षात ठेवा. आमचा बेला 1214 मध्ये, आठ वर्षांचा असताना, बापाच्या हयातीतच मुकुट घालून बसलेला आहे. ह्याला रेक्स युनियोर, धाकटा राजा म्हणायचे. त्यानं पुढं आपल्या मुलालाही तसंच केलं, आणि बापलेकांचं इतकं फाटलं की राज्य वाटून घ्यावं लागलं. म्हणून एकाच साली दोन राजांच्या सनदा निघाल्या तर कागद खोटा समजू नका.

आता लेकी. आपल्या वंशावळीत लेकी लिहितच नाहीत. लिहिल्या तरी ‘हक्कसोड’ असा शेरा मारून मोकळे. हंगेरीच्या राजाची वंशावळ अशी लावली तर अर्धं पान कोरं राहतं. मायकडची बाजू लाल शाईनं काढा. बेलाची आई गेर्त्रूद, मेरानियाच्या जर्मन सरदारघरची, 1213 मध्ये सरदारांनी मारली. आजी आग्नेस, अंतिओकची. पणजी कीवच्या म्स्तिस्लावची लेक, आणि त्या म्स्तिस्लावची आई इंग्लंडच्या हॅरल्ड राजाची मुलगी, तोच हॅरल्ड जो 1066 मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत पडला. बायको मारिया, निकियाच्या ग्रीक सम्राटाची लेक. बहिणी: एक थुरिंगियाला दिली, ती संत एलिझाबेथ झाली, एक बल्गेरियाला, सावत्र बहीण आरागोनला. एक मुलगी, मार्गित, नवसाची: मंगोल गेले तर पोर देवाला वाहू असं आईबापानं बोललेलं, ती मठात वाढली. बुडापेस्टमधलं नदीतलं बेट आजही तिच्या नावाचं आहे. सून कुमानांची. ही सोयरिक मांडली की बिरुदातले काही मुलूख कोणाच्या ना कोणाच्या माहेराजवळ निघतात.

आणि लाल शाई शेवटी कामाला येते. 1301 मध्ये आंद्राश तिसरा मेला आणि आरपादांची पुरुष फांदी तुटली. बेलाची नात मारिया नेपल्सला दिलेली होती. भाऊ लास्लो चौथा 1290 मध्ये मारला गेला तेव्हाच तिनं हंगेरीवर हक्क सांगितला होता, हक्कसोड केलीच नाही. आधी मुलाच्या नावानं, मग नातू कारोय रोबेर्टच्या नावानं तो हक्क पुढं आला. त्या पोराला तीनदा मुकुट घालावा लागला: 1301, 1309 आणि 1310. कारण हंगेरीचा कायदा असा की मुकुट तो जुना पवित्रच हवा, जागा सेकेशफेहेरवारच हवी आणि हात एस्तेरगोमच्या आर्चबिशपाचाच हवा. तिन्ही एकत्र आले तिसऱ्या वेळी, मगच लोकांनी मानलं. तेव्हा वंशावळीत राज्याभिषेकाचं साल लिहिताना मुकुट, जागा आणि हात ह्यांचेही तीन छोटे चौकोन ठेवा. सही, शिक्का, तारीख असं समजा.

आमचा तक्ता कापसाच्या पहिल्या वेचणीच्या सुमारास पुरा झाला. नातीनं रामाच्या ओळीपुढं निळ्या पेन्सिलीनं नदी काढली, फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘काका, ही नदी आहे.’ पुतण्यानं अंगठा दाखवला. अर्ध्या तासानं पोलंडच्या राजाबद्दल त्याचा नवा मेसेज आला. मी दुसरी वही आणायला सांगितली आहे.