पुण्याहून लांबच्या विमानप्रवासाचं गणित: या चुका टाळा

सगळ्यात चिवट चूक म्हणजे तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी. दुपारी १:३० ला मुंबई सोडली, संध्याकाळी ६:३० ला लंडन, म्हणजे पाच तास! अहो, तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. जुलैत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिथले ६:३० हे आपले रात्रीचे ११. प्रवास झाला साडेनऊ तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणून नुसता फरक पाठ करून भागत नाही. त्या तारखेचा फरक बघायचा, दोन्ही वेळा भारतीय वेळेत कागदावर लिहायच्या आणि मगच वजाबाकी. एवढाही धीर नसेल तर न्यायला येणाऱ्यांना वेळ तोंडी सांगू नका, सरळ तिकिटाचा फोटो पाठवा.

दुसरी चूक महागात पडते. तिकिटावर '१५ तारीख, ००:५०' असतं. मंडळी १५ ला दिवसभर बॅगा भरतात, लोणच्याची बरणी तीनदा गुंडाळतात, संध्याकाळी कोथरूडहून मुंबई विमानतळाकडे कॅब निघते आणि काउंटरवर कळतं की विमान काल रात्रीच गेलं. पहिल्याच टप्प्याला हजर नसलं की बऱ्याचदा परतीचं तिकीटही रद्द होतं. ००:५० म्हणजे १४ तारखेची रात्र. तीन तास आधी विमानतळावर, म्हणजे १४ ला रात्री ९:५०. त्याआधी रस्त्यासाठी साडेचार तास धरा, म्हणजे पुण्यातून ५:२० ला निघणं आलं. शुक्रवार असेल किंवा घाटात पाऊस असेल तर दुपारी तीनलाच निघा. 'एक्सप्रेसवेने अडीच तासांत पोचतो' म्हणणाऱ्यांना खंडाळ्यात अडकलेलं बघावं.

अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सर्वांत जवळची वाट सुमारे १३,५०० किलोमीटरची, आणि ती सैबेरियावरून पार ७६ अंश उत्तरेपर्यंत चढते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, पटेल. मात्र विमान दरवेळी याच वाटेने जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा युरोप-अमेरिकेची उड्डाणं वळसा घेऊ लागली.

विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरून, अंतराला ९०० ने भागून तास काढता? मग धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं आणि उतरणं यांचा अर्धा-पाऊण तास वर धरा. वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे लंडनला जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी.

अंतर मैलांत दिलं असेल तर मैल कुठला तेही बघा. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा १.६०९ चा.

वेबसाइट 'पुणे ते न्यूयॉर्क' अंतर दाखवते म्हणून पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून तसं थेट विमान असतंच असं नाही. मधल्या थांब्याचे तास धरल्याशिवाय प्रवासाचा आकडा कुणाला सांगू नका. आणि आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, तेव्हा कॅब सांगण्याआधी तिकिटावरचं विमानतळाचं नाव पूर्ण वाचा.