दुबईला येताय? आधी औषधांचा डबा उपसा

ज्यांनी कधी विडीला हात लावला नाही, त्यांनी तर हे नक्की वाचावं. यूएईचा, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीचा, अमली पदार्थांचा कायदा नशा करणाऱ्यांपुरता नाही. घरच्या गोळ्या आणि फराळही त्यात अडकतात.

कंबरदुखीवर डॉक्टर पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल देतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम. ही सगळी इथे नियंत्रित औषधं आहेत. ब्रँडच्या नावावर जाऊ नका, बारीक अक्षरातला घटक वाचा. आपल्याकडचा केमिस्ट स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो आणि नेमका नावाचा भाग कापला जातो. अशी बिननावाची तुकडी आणूच नका. अख्खी स्ट्रिप, डॉक्टरांची चिठ्ठी, आजाराचा अहवाल, पासपोर्टची प्रत एवढं जमवून प्रवासाआधी सरकारी संकेतस्थळावर परवानगी काढा. परवानगीची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. रोजची गोळी असेल तर मात्र भीतीपोटी ती एकदम बंद करू नका. अल्प्राझोलाम बरेच दिवस घेऊन अचानक सोडलं तर फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून डोस हळूहळू उतरवून घ्या किंवा पर्याय मागा.

खसखस इथे पूर्ण बंद. अफूच्याच बोंडातलं बी ते. अनारसे, करंजीचं सारण, डिंकाचे लाडू, मालवणी मसाला यांत ती सहज असते, म्हणून डबा भरणाऱ्या आईला किंवा सासूबाईंना आधीच फोन करा. विड्याची पानंही आणू नका.

शिवरात्रीला किंवा होळीला गावी गेलात तर भांगेपासून लांब राहा. भारताच्या १९८५ च्या कायद्यात गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळली आहेत, म्हणून काही राज्यांत भांग दुकानात मिळते. इथे ती सवलत नाही, आणि शरीरात अंश सापडणं हाही गुन्हाच. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, चरबीत साठतं. नेहमी घेणाऱ्याच्या लघवीत ते काही आठवडे दिसू शकतं. खाल्लेली भांग चढायला तास-दोन तास लागतात, तेवढ्यात 'काहीच होत नाही' म्हणून माणूस दुसरा गोळा खातो आणि मग घाबरंघुबरं होतं.

दुसऱ्याचं पार्सल घेऊ नका, मग देणारी सख्खी आत्या का असेना. २०१९ मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला नातेवाईक बाईने दिलेल्या पाकिटात चरस निघाल्यामुळे कतारमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले, पण तोवरचे दिवस तुरुंगात गेले.

यूएईच्या २०२१ च्या कायद्याने उपचाराची वाट मोकळी ठेवली आहे. व्यसनी माणूस पकडला जाण्याआधी स्वतःहून, किंवा जोडीदार वा जवळच्या नातेवाइकांमार्फत, उपचार मागत असेल तर सेवनाचा खटला होत नाही. अबू धाबीत राष्ट्रीय पुनर्वसन केंद्र आहे, दुबईत इरादा केंद्र. खोलीतला मित्र व्यसनात अडकला असेल तर त्याच्या घरच्यांना विश्वासात घ्या.

ट्रॅमाडॉल, कोडीन अशी अफूच्या जातीची औषधं श्वास मंदावतात. त्यावर दारू किंवा झोपेची गोळी पडली की श्वास थांबूही शकतो. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ओठ निळे, हाक मारून उठत नाही असं दिसलं तर रुग्णवाहिकेसाठी ९९८ ला फोन लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, उलटी घशात अडकत नाही. काय घेतलं ते डॉक्टरांना सांगा आणि रिकामी स्ट्रिप सोबत द्या.