पेटीवाल्याने तबला कसा शिकावा

पेटी, सतार किंवा बासरी वाजवणाऱ्या अनेकांचे पहिले प्रेम खरे म्हणजे ठेका हे असते. लहानपणी शाळेच्या बाकावर आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर बोटे चालत असतात, पण घरात पेटी असते किंवा जवळपास पेटीचाच क्लास असतो, म्हणून आपण पेटी शिकतो. माझेही तसेच झाले. वीसएक वर्षे भजनाला साथ केल्यानंतर मी तबल्याला हात लावला, तेव्हा जे करायला हवे होते आणि जे उगाच केले, त्यावरून हे लिहीत आहे.

ही हौस पोरकट नाही, हे आधी सांगायला हवे. शिवकुमार शर्मा संतूरकडे वळण्यापूर्वी वडिलांकडे गाण्याबरोबर तबलाही शिकले होते, आणि १९६५ च्या ‘गाइड’ चित्रपटातील ‘मोसे छल किये जाय’ या गाण्यात तबला त्यांनीच वाजवला आहे. सरोदवादक अली अकबर खाँ यांनी तालवाद्यांचे शिक्षण आपले काका फकीर आफताबुद्दीन यांच्याकडे घेतले होते.

वाद्य विकत घेताना आपल्या पट्टीचा, म्हणजे आपण ज्या सुरात गातो-वाजवतो त्याचा, विचार प्रथम करावा. तबल्याचे तोंड जितके लहान, तितका त्याचा स्वर चढा असतो, त्यामुळे काळी एकमध्ये गाणाऱ्याने काळी पाचचा तबला घेतला तर तो कितीही उतरवला तरी त्याच्या उपयोगाचा होत नाही. दुकानदाराने आवाजाची तारीफ केली म्हणून मी असाच चढ्या पट्टीचा तबला घरी आणला आणि वर्षभर तो पुतणीच्या गाण्यापुरताच वापरला गेला. लाकूड शिसवाचे असेल तर खोड जड राहते आणि चुंबळीवर तबला डगमगत नाही. डग्गा, म्हणजे डाव्या हाताचे वाद्य, तांब्याचा किंवा पितळेचा चालतो. त्यावर फार विचार करत बसू नये.

तबला स्वरात लावणे हे काम पेटीवाल्याला इतरांपेक्षा लवकर येते, कारण षड्ज, म्हणजे ‘सा’, कानात पक्का असतो. पेटीवर षड्ज धरून ठेवावा. स्वर फार उतरलेला असेल तर आधी वाद्यांखालचे (चामड्याच्या ताणलेल्या पट्ट्यांखालचे) लाकडी गठ्ठे हातोडीने थोडे खाली सरकवावेत. मग पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) सोळा घरांपैकी एकेका घराजवळ चाटीवर, म्हणजे कडेच्या कातडी पट्टीवर, ‘ना’ वाजवून ऐकावे आणि जिथे स्वर कमी वाटेल तिथे गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) वरून हलका ठोका द्यावा. जिथे चढा वाटेल तिथे गजऱ्याला खालून ठोका द्यावा. एकाच बाजूने गोल फिरत न जाता समोरासमोरची घरे घेतल्यास पुडीवरचा ताण सारखा राहतो. हातोडी गजऱ्यावरच पडली पाहिजे, कारण ती एकदा जरी चाटीवर घसरली तरी पुडी बदलायचा खर्च येतो. पावसाळ्यात कातडे सैल पडते आणि हा उद्योग रोजच करावा लागतो.

हाताची ठेवण मात्र शिक्षकासमोर बसूनच शिकावी, कारण व्हिडिओतल्या हाताला आपली चूक दिसत नाही. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या वर्तुळाच्या) कडेवर हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटीवर पडून लगेच उठते. पेटीवाल्याचे बोट इथेच फसते: सूर टिकवण्यासाठी पट्टी दाबून धरायची त्याला सवय असते, त्यामुळे ते चाटीवर क्षणभर रेंगाळते आणि नाद मरतो. मला ही खोड मोडायला दोन महिने लागले. डाव्या हाताच्या नखाने तार दाबणाऱ्या सरोदवादकांची अडचण वेगळी असते. नखे कापता येत नाहीत आणि डग्ग्यावर ती आडवी येतात, तेव्हा त्यांना बोट थोडे सपाट ठेवूनच आघात करावा लागतो.

आपल्यासारख्या वादकांची दुसरी मोठी चूक म्हणजे सगळे लक्ष उजव्या हाताकडे ठेवणे. तबला स्वरात बोलतो म्हणून तो ओळखीचा वाटतो आणि डग्गा नुसता धपधप वाजत राहतो. म्हणून निम्मा रियाज एकट्या डग्ग्याचा करावा. मनगट शाईमागच्या मैदानावर (मोकळ्या कातड्यावर) टेकवून ‘गे’ वाजवावा, तो पूर्ण घुमू द्यावा, आणि घुमत असतानाच मनगटाने किंचित दाब देत पुढे सरकावे; आवाज मींड घेतल्यासारखा, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, चढतो. तबलजी याला दाब-घास म्हणतात, आणि पेटीवर जी मींड कधीच निघत नाही ती इथे निघते, याचे सुख पेटीवाल्यालाच कळेल.

ठेक्यांपैकी दादरा आणि केरवा हात बसण्यासाठी घ्यावेत, पण खरा वेळ सोळा मात्रांच्या तीनतालाला द्यावा. आधी हाताने टाळी आणि खाली (टाळीऐवजी रिकामा हात) दाखवत पढंत करावी, म्हणजे बोल तोंडाने म्हणावेत: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तीं तीं ता, ता धिं धिं धा. खाली नवव्या मात्रेवर आहे हे आपल्याला पाठ असते, पण या ठेक्यात नवव्या मात्रेच्या ‘धा’ला डग्गा वाजतोच, तो गप्प होतो दहाव्या मात्रेला आणि परत घुमतो चौदाव्या मात्रेला. साथ करताना आपण नकळत त्या चौदाव्या मात्रेवरच सम (आवर्तनाची पहिली मात्रा) जवळ आल्याचे ओळखत असतो. हे स्वतःच्या हातून वाजवले की आवर्तन मोजावे लागत नाही.

लयीसाठी यंत्राचा टकटकाट लावण्याऐवजी स्वतःच पेटीवर तीनतालाचा नगमा (आवर्तनभराची पुन्हा पुन्हा वाजणारी ओळ) संथ लयीत दहा मिनिटे ध्वनिमुद्रित करावा आणि त्यावर ठेका धरावा. पहिल्याच दिवशी कळते की आपला नगमा खालीनंतर पळतो. कान हाताच्या पुष्कळ पुढे असल्यामुळे लय वाढवायचा मोह फार होतो, पण ठेका सलग दहा मिनिटे न हलता राहीपर्यंत दुगुनीला, म्हणजे दुप्पट लयीला, हात लावू नये.

त्यानंतर एक छोटी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, घ्यावी. ‘तिट कता धा’ ही तीन मात्रांची आहे. ती नवव्या मात्रेपासून सलग तीनदा वाजवली की शेवटचा ‘धा’ बरोबर समेवर पडतो. तबल्यावर ती बसली की उठून पेटीवर बसावे आणि यमनमधील ‘नि रे सा’ त्याच मात्रांना तीनदा वाजवावे. इतकी वर्षे ज्या तिहाया आपण अंदाजाने समेवर आणत होतो, त्यांचा हिशेब तेव्हा बोटांना कळतो.

परीक्षा देण्याची इच्छा असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्याही परीक्षा असतात, आणि प्रारंभिकपासून सुरुवात करायला वयाने संकोचू नये. लहान मुलांच्या रांगेत बसावे लागते, एवढेच. मला परीक्षेपेक्षा दुसरा मार्ग अधिक फळला: ओळखीचा तबलजी एकट्याने वादनाला बसला की नगम्यासाठी आपण होऊन पेटी घ्यायची. तासभर तीच ओळ वाजवताना त्याचा कायदा (ठरावीक बोलांवर विस्तार करायची रचना) कसा उलगडतो, खालीला तो डग्गा कुठे उचलतो आणि समेआधी किती श्वास सोडतो, हे इतक्या जवळून दुसऱ्या कोणालाही दिसत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर रियाज ठेक्याचाच करावा, कायद्याचा नव्हे.